हलक्या बिअरला गुण द्यायचे ते ग्लास संपताना

प्रश्न असा आला आहे: ‘मी चार महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत लागलो. दर मंगळवारी आम्हा सहा जणांना टाकीतल्या बिअरचे नमुने चाखून ५० पैकी गुण द्यायचे असतात. आयपीए किंवा स्टाउटबद्दल लिहायला काही ना काही सुचतं. ब्लाँड एल, म्हणजे फिकी सोनेरी हलकी बिअर, आली की मी “छान, हलकी, फ्रेश” लिहितो, ३५ गुण देतो आणि मोकळा होतो. ब्रूअर म्हणतात, याचा मला काडीचा उपयोग नाही. जिच्यात मुळात चवच कमी, तिची पारख करायची कशी?’

तुमच्या ब्रूअरचं बरोबर आहे आणि तुमची अडचणही खरी आहे. मी गेली पंधरा वर्षं पुण्यात बिअर बनवतो आणि चाखतो. सुरुवातीच्या माझ्या वह्यांमध्येही हलक्या बिअरपुढे ‘फ्रेश’ एवढाच शेरा आहे. पुढे तो शब्द लिहायचाच नाही असं ठरवलं, तेव्हा कुठे नीट चाखायला लागलो. तुम्हीही महिनाभर तो बंद ठेवा.

आधी ‘चवच कमी’ हे डोक्यातून काढा. कोकमाचं सार आठवा. ते पातळच असतं, पण चांगल्या साराला कोणी पांचट म्हणत नाही. आंबट, गोड, मीठ, जिऱ्याची फोडणी सगळं आपापल्या जागी असतं आणि वाटी रिकामी झाली की आणखी अर्धी वाटी घ्यावीशी वाटते. त्याच सारात पाणी जास्त पडलं तर पहिल्याच घोटाला कळतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. हलकी बिअर आणि पाणचट बिअर यांच्यातला फरक नेमका हाच आहे, आणि मंगळवारचं तुमचं काम तो फरक ओळखण्याचं आहे.

हलकी बिअर बनवणं सोपं, असा पिणाऱ्यांचा समज असतो. बनवणाऱ्यांना विचारा. स्टाउटमध्ये भाजक्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, बहुधा बार्लीचा) करपट खमंगपणा बाकीच्या पुष्कळ गोष्टी पोटात घेतो. आयपीएमध्ये हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, दर्प पुढे उभा असतो. ब्लाँडमध्ये आड घ्यायला काही नाही. उदाहरणार्थ, लोण्यासारखा वास येतो तो डायअ‍ॅसिटिल नावाच्या पदार्थामुळे. एका लिटरमध्ये एका मिलिग्रॅमचा दहावा भाग इतका तो असला तरी हलक्या बिअरमध्ये सराईत नाकाला सापडतो. तेवढाच स्टाउटमध्ये असेल तर कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून एखादी ब्रुअरी कितपत स्वच्छ काम करते हे बघायचं असेल तर मी तिथली सगळ्यात साधी, सगळ्यात फिकी बिअर आधी मागवतो.

हलकेपणा किती मनावर घेता येतो हे मला जर्मनीत कोलोनला गेल्यावर कळलं. तिथली क्योल्श तुमच्या ब्लाँडची जवळची नातेवाईक आहे: एलच्या यीस्टनं आंबवलेली, मग लागरसारखी थंडीत मुरवलेली. १९८६ साली तिथल्या २४ ब्रुअरींनी एकत्र येऊन करार केला आणि क्योल्श कशाला म्हणायचं ते लिहून काढलं. बिअर फिकी, नितळ, हॉप्सचा ठसा असलेली हवी आणि विशिष्ट उभ्या ग्लासातच दिली जावी, असं त्यात आहे. १९९७ पासून त्या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही आहे. तो ग्लास केवळ २०० मिलिलिटरचा. निळ्या पोशाखातला वाढपी तुम्ही न मागता रिकामा ग्लास उचलतो, भरलेला ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. पुरे झालं की तोच पुठ्ठा ग्लासावर झाकायचा. पहिल्या दिवशी मला ही नुसती मौज वाटली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की तिथे बिअर शिळी व्हायला वेळच मिळत नाही, आणि सहाव्या ग्लासालाही तोंड विटलेलं नसतं. पहिल्या घोटाला ती बिअर फार काही सांगत नाही. तिची खरी परीक्षा पुढच्या ग्लासाला असते. परत आल्यावर माझी गुण द्यायची पद्धत बदलली, आणि तुम्हालाही तीच सांगतो आहे: हलक्या बिअरला पहिल्या घोटावर गुण देऊ नका.

आता तयारी. इथे आपल्याकडे बरीच हयगय होते. चाखायला सकाळी दहा-अकराची वेळ चांगली, जेवणाआधीची. सकाळी मिसळ खाऊन आलेला माणूस त्या दिवशी पॅनेलवर नको. तिखटानं जीभ तासभर तरी कामातून जाते. पान-तंबाखूचं सांगायलाच नको. खोलीत उदबत्ती, फिनेल, अत्तर, हाताला लावायचं सॅनिटायझर यांपैकी काही नको. दोन नमुन्यांच्या मध्ये साधं पाणी आणि बिनलोण्याचा पाव किंवा बिनमिठाचे कुरमुरे पुरेत. एका ठिकाणी पॅनेलसाठी खारी ठेवलेली मी पाहिली आहे. खारीच्या लोण्याचा वास नाकात बसला की बिअरमधलं लोणी कसं सापडणार?

ग्लास स्वच्छ आहे का हे बिअर ओतल्यावर बघा. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथे साबणाचा किंवा तेलाचा अंश आहे. त्या ग्लासातल्या फेसाबद्दल बिअरला दोष देता येणार नाही. ग्लास बदला. ओतणाऱ्यानं ग्लासांवर तीन आकडी संकेत लिहावेत आणि प्रत्येकाला नमुने वेगवेगळ्या क्रमानं द्यावेत, कारण पहिल्या ग्लासाला तहानेचा फायदा मिळतो. मे महिन्यात तर फारच.

तापमान हा मोठा घोळ आहे. आपल्या गिऱ्हाइकाला बिअर ‘चिल्ड’ लागते, म्हणजे दोन-तीन अंशांवर. त्या थंडीत वास बाहेर येत नाही, जीभ बधिर होते आणि सगळ्याच बिअर चांगल्या लागतात. तुमच्या ३५ गुणांमागे निम्मं कारण हे असणार. नमुना ६-७ अंशांना घ्या आणि १२ अंशांपर्यंत चढू द्या. ज्या दोषी बिअरला थंडीनं झाकलेलं असतं, ती वर येताना उघडी पडते. चांगली बिअर त्या प्रवासात थोडी गोडसर, थोडी मऊ होते, पण बिघडत नाही.

ग्लास हातात आला की आधी नाक. बघण्याच्याही आधी, कारण फेसाबरोबर उडून जाणारे वास पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जातात. दोन-तीन छोटे हुंगे घ्या. एकदम छाती भरून ओढलं की नाक थकतं. पहिल्या हुंग्याला जे आठवलं ते तसंच लिहा, मग ते कितीही घरगुती वाटो. ‘ओल्या पावाचा तुकडा’, ‘बार्लीचं पीठ’, ‘गवत’, ‘लिंबाच्या पानाचा चुरा’ हे सगळं चालतं. मॉर्टन मेलगार्ड यांच्या पुढाकारानं तयार झालेलं बिअरच्या चवींचं चक्र १९७९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभर तेच वापरलं जातं. तुमच्या ब्रुअरीच्या भिंतीवरही असेल. त्याचा अभ्यास कराच. पण नोंद करताना आपल्या नाकाला ज्या भाषेत आठवतं त्या भाषेत करा, चक्रावरचं नाव नंतर शोधा. उलट केलंत तर चक्रावर वाचलेलंच ग्लासात सापडायला लागतं.

आणि या कामाला मराठी फार उपयोगी पडते. कडू आणि तुरट यांत गोंधळणारे चाखणारे मी परदेशात पुष्कळ पाहिले. ज्यानं लहानपणी कारलं आणि जांभूळ दोन्ही खाल्लं आहे त्याचा तो गोंधळ होऊ नये. कारल्यानं जीभ कडू होते. जांभळानं जीभ आकसते, खरखरीत होते. हॉप्सचा कडवटपणा ब्लाँडमध्ये हवाच, थोडा. तुरटपणा नको. तो आला तर बहुधा माल्टचा चोथा धुताना पाणी फार गरम होतं, किंवा शेवटी शेवटी जास्त धुतल्यानं पीएच चढला आणि टरफलातलं टॅनिन उतरलं. तुम्ही ‘शेवटी जास्त कडू’ लिहिलंत तर ब्रूअर हॉप्स कमी करतील आणि दोष तसाच राहील. ‘शेवटी जांभळासारखी तुरट’ लिहिलंत तर ते थेट धुण्याच्या पाण्याकडे जातील. एका शब्दाच्या फरकानं पुढची दोन हजार लिटर सुधारू शकते.

तसेच आणखी शब्द. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात आंबट वस्तू ठेवली की ती कळकते. बिअरला धातूची चव आली तर ‘कळकल्यासारखी’ लिहा, सगळ्यांना कळेल. जुन्या, नीट न साठवलेल्या हॉप्सचा वास घामट मोज्यांसारखा, जुन्या चीजसारखा येतो. हवा लागून शिळी झालेली बिअर पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. मी त्याला ‘उतरलेली’ म्हणतो, पण शेऱ्यात ‘ओला पुठ्ठा’ लिहा. ते नेमकं आहे. कच्च्या हिरव्या सफरचंदाच्या सालीचा वास अ‍ॅसिटाल्डिहाइडचा. बिअर यीस्टवरून वेळेआधी काढली की तो राहून जातो. टाकी रिकामी करायची घाई, म्हणजे वीकेंडची गर्दी, हे त्याचं नेहमीचं कारण.

लवंगेच्या वासाबद्दल सावध राहा. पुण्या-मुंबईत गव्हाच्या बिअरचं चांगलंच वेड आहे. जर्मन पद्धतीच्या हेफेवाइझेनमध्ये लवंग आणि पिकलं केळं असायलाच हवं. त्याची सवय झालेली जीभ ब्लाँडमध्ये लवंग सापडली की खूश होते. तिथे तो दोष आहे. बहुतेक वेळा गव्हाच्या बिअरचं यीस्ट एखाद्या नळीत किंवा रबरी रिंगेत राहून दुसऱ्या टाकीत गेलेलं असतं. हीच लवंग दवाखान्याच्या, बँडेजच्या वासाकडे झुकली तर पाण्यातला क्लोरीन तपासायला सांगा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन कार्बनच्या गाळणीत नीट निघाला नाही तर हा वास येतो, आणि अगदी नगण्य प्रमाणात असला तरी येतो.

उकडलेल्या मक्याच्या पाण्याचा वास हा फिक्या बिअरचा खास रोग. त्याचं नाव डीएमएस. कारण समजून घेण्यासारखं आहे. फिकं माल्ट कमी तापमानावर वाळवतात, म्हणून या वासाचं मूळ द्रव्य त्यात जास्त शिल्लक राहतं. गडद माल्टमध्ये ते भाजतानाच उडून जातं. वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचा माल्टचा गोड काढा, जोरात, झाकण उघडं ठेवून उकळला की वास वाफेबरोबर जातो. पण उकळी थांबल्यावर वर्ट गरमच राहिला तर वास पुन्हा तयार होत राहतो, आणि आता बाहेर पडायला वाफ नसते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापलेलं असतं, वर्ट थंड व्हायला वेळ लागतो, आणि एप्रिल-मेच्या ब्लाँडमध्ये मका डोकावतो. सगळ्या ऋतूंचे नमुने ओळीनं चाखायला मिळाले तर हे तुम्हाला स्वतःच सापडेल. किंचित असेल तर लागरच्या काही प्रकारांत चालवून घेतात. ब्लाँडमध्ये मी चालवून घेत नाही.

एक वास इथल्या लोकांना शिकवावा लागतो. उजेड लागलेल्या बिअरच्या वासाला इंग्रजीत स्कंक नावाच्या प्राण्यावरून नाव पडलं आहे. तो प्राणी आपल्याकडे नाही, त्यामुळे कितीही वर्णन वाचलं तरी नाकाला ओळख पटत नाही. सोपा उपाय आहे. हॉप्स असलेली फिकी बिअर दोन पांढऱ्या काचेच्या ग्लासांत ओता. एक फडताळात ठेवा, दुसरा खिडकीत उन्हात. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही हुंगा. उन्हातल्या ग्लासाला जळक्या रबराचा आणि कुजक्या कांद्याचा मिळून एक वास येईल. एकदा ओळख झाली की विसरणं शक्य नाही. बाहेरच्या टेबलावर दुपारी बिअर पिणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार कधी कधी एवढ्याचीच असते.

आता लोण्याबद्दल, कारण त्यात माझे हात पोळले आहेत. तेव्हा मी एका ब्रुअरीत दुसऱ्या क्रमांकाचा ब्रूअर होतो. एक ब्लाँड तयार झाली, आम्ही चौघांनी टाकीवर चाखली, स्वच्छ होती, सगळ्यांनी ४० च्या पुढे गुण दिले. केग (बिअरची पिंपं) भरले, दोन ठिकाणी पाठवले. तीन आठवड्यांनी फोन आला की बिअरला थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा वास येतो. मी गेलो, ओतून घेतली, नाकाजवळ नेली, खरंच पॉपकॉर्न. आम्ही खोटे गुण दिले नव्हते. त्या दिवशी बिअरमध्ये लोणी नव्हतं, पण लोणी होण्याची सगळी तयारी होती. यीस्ट आंबवताना एक बिनवासाचं द्रव्य सोडतं, तेच हळूहळू डायअ‍ॅसिटिल होतं, आणि यीस्ट जागं असेल तर ते पुन्हा खाऊन टाकतं. आम्ही यीस्टला ते खायला वेळ न देता बिअर थंड केली होती. पुढे केग कोमट जागी पडून राहिले आणि उरलेल्या द्रव्याचं लोणी झालं.

तेव्हापासून मी ही चाचणी सोडलेली नाही, आणि तुम्हीही ब्रूअरला विचारून शिकून घ्या. आंबवणं संपत आलेल्या टाकीतून दोन छोटे नमुने काढा, यीस्ट शक्य तितकं गाळून. दोन्हींवर झाकण. एक फ्रिजमध्ये. दुसरा ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग पहिल्याइतकाच थंड करा. आता दोन्हींची झाकणं लागोपाठ काढून हुंगा. दोन्हींत लोणी नाही: बिअर पुढे न्या. तापवलेल्यात आहे, थंडात नाही: म्हणजे कच्चा माल अजून शिल्लक आहे, टाकी १७-१८ अंशांवर आणखी दोन दिवस राहू द्या आणि पुन्हा बघा. दोन्हींत आहे: थांबाच, आणि ती तशीच राहिली तर संसर्गाचा संशय धरा. या चाचणीला एक पातेलं, एक थर्मामीटर आणि पाऊण तास लागतो. त्या दोन गिऱ्हाइकांकडून परत आलेले केग आम्ही गटारात ओतले तेव्हाचा वास मला आजही आठवतो.

नाकाचं काम झालं की रूप. त्याला ५० पैकी तीनच गुण आहेत आणि तेवढेच योग्य आहेत. फिका पिवळा ते सोनेरी रंग, पांढरा फेस, ब्लाँड असेल तर बऱ्यापैकी नितळ. एवढं बघून पुढे जा. डोळे फार फसवतात. फ्रान्समध्ये बोर्दोला वाइनच्या ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. जरा गढूळ ब्लाँड ‘जास्त भरीव’ लागली तर डोळे मिटून पुन्हा एक घोट घ्या.

मग चव. घोट मध्यम घ्या, सगळ्या तोंडातून फिरवा. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा शाळेतला नकाशा विसरा, तो चुकीचा आहे. गिळा, तोंड मिटलेलं ठेवूनच नाकातून श्वास सोडा. बिअर चाखताना गिळतात, थुंकत नाहीत, कारण घशाखाली गेल्यावर उलट्या वाटेनं नाकात येणारा वास आणि मागे राहणारा कडवटपणा हाच निकालाचा मोठा भाग असतो. म्हणून नमुने थोडेच ठेवा, सहा-सातच्या वर नको, आणि त्या दिवशी गाडी घेऊन येऊ नका.

पहिल्या घोटाला मी एकच गोष्ट बघतो: माल्ट पुढे येतं का. ओला पाव, बिस्किट, थोडा मध, काहीतरी धान्याचं हवं. ते नसेल आणि बिअर गोडही नसेल तर ती पोकळ आहे. कधी ते पीठ खाल्ल्यासारखं पिठूळ लागतं, तेही ठीक नाही. तांदळाची कणी घातलेली बिअर असेल तर अंग आणखी हलकं होणारच, ते समजून घ्या. मी आंबेमोहोराची कणी वापरून पाहिली आहे. वास उकळीतच उडून गेला. उरला तो स्वच्छ, कोरडा शेवट. गिऱ्हाइकाला नाव आवडलं, मला शेवट आवडला.

दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला शेवट बघा. गिळल्यावर पाच, दहा, वीस सेकंदांनी तोंडात काय आहे? चांगल्या ब्लाँडमध्ये आधी धान्याची गोडी ओसरते, मग थोडा कडसरपणा उरतो, मग तोही जातो आणि तोंड कोरडं, स्वच्छ होतं. गोडी मागे राहून ओठ चिकट वाटले तर ती गुळचट आहे. बहुधा आंबवणं अर्धवट राहिलं आहे. आंबवण्याच्या सुरुवातीचं आणि शेवटचं घनत्व विचारा (पाणी १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा). १.०४६ ला सुरू झालेली ब्लाँड १.००९ च्या आसपास थांबली तर अल्कोहोल साधारण ४.८ टक्के येतं आणि शेवट कोरडा राहतो, १.०१५ ला अडकली तर गोड लागणारच. शेवट नुसता मिळमिळीत, कुठेच धार नाही असं वाटलं तर पीएच विचारा. तयार बिअरचा पीएच ४.२ ते ४.४ असला की ती चुणचुणीत लागते, ४.६ च्या वर गेली की ढिली पडते. आणि कडवटपणा जिभेच्या मुळाशी चिकटून बसला असेल तर पाणी बघा. पुण्याला धरणाचं पाणी मृदू मिळतं, पण टँकर किंवा बोअरचं जड पाणी आलं की हीच रेसिपी वेगळी लागते.

मग ग्लास बाजूला ठेवा. दुसऱ्या नमुन्यांकडे जा, अर्ध्या तासानं परत या. आता ती १२-१३ अंशांवर आहे, फेस बसला आहे, गॅस थोडा गेला आहे. उरलेलं प्या. हा घोट घ्यावासा वाटतो आहे की कर्तव्य म्हणून घेता आहात? गोडी साचत चालली आहे का? जे सुरुवातीला ‘फुलांचा वास’ वाटलं ते आता साबणासारखं येतं का? ‘एकूण प्रभाव’ या रकान्यातले १० गुण मी याच घोटाला देतो, आधी नाही.

गुणांची विभागणी तुमच्याकडे बीजेसीपीची, म्हणजे बिअर परीक्षक तयार करणाऱ्या अमेरिकी संस्थेची, असणार, कारण ५० चा तक्ता त्यांचाच रूढ आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरीवपणा आणि गॅस ५, एकूण प्रभाव १०. त्यात ३० ते ३७ म्हणजे ‘खूप चांगली, पण काही उणिवा आहेत’ आणि ३८ च्या पुढे ‘उत्कृष्ट’. म्हणजे ३५ लिहिलंत की उणीव कोणती हे सांगायची जबाबदारी तुमच्यावर आली. ती सांगता येत नसेल तर एक तर गुण वाढवा, नाही तर परत ग्लासाकडे जा. त्यांच्या मार्गदर्शिकेत ब्लाँड एलला ३.८ ते ५.५ टक्के अल्कोहोल आणि १५ ते २८ आयबीयू (कडूपणाचं माप) दिलं आहे. हे आकडे पाठ करा, पण त्यांच्यासाठी बिअरचा बळी देऊ नका.

आणि तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. मका, लोणी, पुठ्ठा हे दोष आहेत. त्यांचे गुण जातात. बिअर चांगली आहे पण ब्लाँडपेक्षा पेल एलसारखी झाली आहे, हे प्रकाराबाहेर जाणं. त्याचे गुण थोडे जातात आणि शेरा लागतो. ‘मला अशी आवडत नाही’ याचे गुण जात नाहीत. नव्या चाखणाऱ्यांच्या तक्त्यात तिसरी गोष्ट पहिलीच्या वेषात येते. मला स्वतःला जास्त हॉप्सची ब्लाँड आवडते, म्हणून मऊ ब्लाँडला गुण देताना मी दोनदा विचार करतो.

तुमच्या पॅनेलवर सहा जण आहेत म्हणालात. मग रेसिपीत बदल झाला की त्रिकोणी चाचणी घ्या. प्रत्येकाला तीन ग्लास, दोन एकाच बिअरचे, एक वेगळ्याचा, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजानं तिघांत एक बरोबर येतोच, म्हणून सहापैकी पाच जणांनी ओळखला तरच फरक खरा धरायचा. चौघांनी ओळखला तर पुरावा अपुरा. बारा जण असतील तर आठ लागतात. ‘नवी बॅच जास्त छान’ असं छातीठोकपणे सांगणारे तज्ज्ञ या चाचणीत गप्प झालेले मी पाहिले आहेत, त्यांत मीही होतो.

शेवटी शेरा कसा लिहायचा. तुमचा आजचा शेरा: ‘छान, हलकी, फ्रेश. ३५.’ त्याच बिअरला मी असं लिहिलं असतं: ‘थंड असताना वास मंद, ओल्या पावाचा, मागे थोडं गवत. दहा अंशांवर उकडलेल्या मक्याचा अंश, हलका पण स्पष्ट. चवीत धान्याची गोडी चांगली, कडवटपणा बेताचा, वीस सेकंदांत तोंड स्वच्छ. गॅस किंचित कमी. ग्लास संपवला, दुसरा घेतला असता. उकळीनंतर थंड करायला किती वेळ लागला ते पाहावं. वास ८, रूप ३, चव १५, भरीवपणा ३, एकूण ७. ३६.’

आकडा जवळपास तुमचाच आला. पण हा कागद घेऊन ब्रूअर थेट थंड पाण्याच्या टाकीकडे जातील. येत्या मंगळवारी एकच ब्लाँड घ्या, बाकीचे नमुने सहकाऱ्यांना द्या, आणि त्या एका ग्लासाबरोबर पाऊण तास बसा.